मे महिन्यात वर चढणारा मिथेन: खान्देशातल्या एका हायड्रोजन प्लांटचं प्रकरण

फोन आला तेव्हा तक्रार हायड्रोजनची नव्हतीच. ऑटोक्लेव्हवाले (दाबाखाली तेलात हायड्रोजन घालणाऱ्या बंद भांड्यावर काम करणारे) म्हणत होते, बॅच लांबतेय. सरकीच्या तेलाची आयोडीन व्हॅल्यू (तेल जितकं घट्ट होईल तितका उतरणारा आकडा) हवी तिथं उतरायला नेहमीच्या दीडपट वेळ लागतोय आणि मधूनमधून वर साचलेला गॅस सोडून द्यावा लागतोय. शेठजींनी ऑटोक्लेव्हमधलं निकेल बदलून पाहिलं, फिल्टर प्रेसचे कपडे बदलले, तेलाचा रिफायनरीतला धुवा वाढवला. फरक शून्य. मग कोणीतरी हायड्रोजनचं अ‍ॅनालिसिस काढलं. त्यात मिथेन निघाला, चार टक्क्यांच्या वर. एरवी तो दीड-पावणेदोन असायचा. मिथेन तेलाशी काही करत नाही, पण ऑटोक्लेव्हच्या वरच्या जागेत साचत जातो आणि हायड्रोजनची जागा अडवतो. बॅच लांबायचं कारण तिथे होतं.

कारखाना जळगाव-भुसावळ पट्ट्यातला, वनस्पती तूप आणि साबणाला लागणारं कडक तेल करणारा. खान्देशाला हा धंदा जुना आहे. १९४५ साली अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स निघाली ती वनस्पतीसाठीच. तीच पुढे विप्रो झाली. द्रव तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करायचं पेटंट जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मानने १९०२ मध्ये घेतलं, आणि त्यामागचं निकेलवरचं काम पॉल साबातिएचं, ज्याला १९१२ चं नोबेल मिळालं. गंमत अशी की या कारखान्यात दोन्ही टोकांना निकेलच आहे. एका टोकाला ते हायड्रोजन तयार करतं, दुसऱ्या टोकाला तो तेलात घालतं. दोन्ही ठिकाणी त्याचा वैरीही एकच, गंधक.

हायड्रोजन प्लांट लहान आहे, ताशी साधारण २०० घनमीटरचा, जुन्या कमी दाबाच्या पद्धतीचा. कच्चा माल एलपीजी, ताशी पन्नासेक किलो. बर्नरला जाणारा वेगळा. बुलेटमधून, म्हणजे एलपीजीच्या मोठ्या टाकीतून, आलेला गॅस गरम होतो, मग गंधक काढण्यासाठी कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या थरावरून जातो, मग झिंक ऑक्साइडवरून. त्यानंतर त्यात वाफ मिसळते आणि मिश्रण रिफॉर्मरच्या, म्हणजे भट्टीतल्या, उभ्या ट्यूबांमध्ये वरून खाली जातं. ट्यूबांत निकेलचा कॅटलिस्ट (उत्प्रेरक) भरलेला. खाली बाहेर पडताना तापमान ७८० ते ८०० अंश. पुढे शिफ्ट (कार्बन मोनॉक्साइड आणि वाफेपासून आणखी हायड्रोजन करणारं भांडं), कार्बन डायऑक्साइड काढणारा अमाइनचा टॉवर, कार्बनच्या उरल्यासुरल्या ऑक्साइडचं मिथेन करणारा मेथॅनेटर, आणि शेवटी कॉम्प्रेसर.

हायड्रोजनातला मिथेन म्हणजे मुख्यतः ट्यूबांत न तुटता उरलेला गॅस. तो वाढलाय म्हटल्यावर सगळ्यांनी एकमुखाने निकाल लावून टाकला होता: कॅटलिस्ट मेला. आदल्या दिवाळीनंतरच नवा भरला होता, म्हणून पुरवठादाराला खरमरीत पत्रही गेलं होतं. अशा वेळी पहिली शिवी कॅटलिस्टलाच बसते, कारण तो ट्यूबच्या आत असतो आणि स्वतःची बाजू मांडू शकत नाही.

भट्टीच्या पीपहोलमधून मात्र बरंच दिसत होतं. चांगल्या चालणाऱ्या ट्यूबा वरपासून खालपर्यंत एकसारख्या गडद लाल दिसतात, वरचा भाग थोडा जास्तच काळसर. इथे बऱ्याच ट्यूबांवर वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर नारिंगी पट्टा होता, हातभर रुंद. सातव्या ट्यूबवर तो सगळ्यात उजळ. इन्फ्रारेड पायरोमीटरने तिथे ९०५ अंश दाखवले, शेजारच्या निरोगी ट्यूबवर त्याच उंचीला ८५०. या मिश्रधातूच्या ट्यूबांबाबत ढोबळ हिशेब असा की कातडीचं तापमान वीसेक अंशांनी वाढलं तर आयुष्य जवळपास निम्मं होतं. ट्यूबांवरचा दाबातला फरकही वाढला होता, सुरुवातीला चौरस सेंटीमीटरला ०.४ किलो होता, आता ०.९.

गरम पट्टा म्हणजे त्या जागी आत उष्णता शोषणारं काम होत नाही. मिथेन आणि वाफेपासून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन व्हायला दर मोलला २०६ किलोज्यूल उष्णता लागते. ही भूक थांबली की बर्नरची सगळी आग नुसत्या धातूला तापवते. भूक दोन कारणांनी थांबते: निकेलवर गंधक बसलं किंवा निकेलवर काजळी धरली. बहुतेक वेळा पहिल्यातून दुसरं निघतं, आणि ते कसं हे नीट पाहायला हवं.

एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. निकेल धड असेल तर हे दोन्ही ट्यूबच्या वरच्या, तुलनेने थंड भागातच वाफेबरोबर तुटून मिथेन, हायड्रोजन आणि कार्बनचे ऑक्साइड होतात. खालच्या ७०० अंशांच्या पुढच्या भागात पोचेपर्यंत मोठे रेणू शिल्लकच नसतात आणि भोवती हायड्रोजन भरपूर असतो. पण वरचं निकेल गंधकाने बधिर झालं असेल तर ब्युटेन तसाच खाली सरकतो, गरम भागात येतो आणि तिथे नुसत्या उष्णतेने फुटतो. त्यातून उरतो कार्बन. निकेलवर हा कार्बन बारीक तंतूंच्या रूपात वाढतो. तंतूच्या टोकावर निकेलचा कण उचलला जातो आणि कॅटलिस्टची गोळी आतून उकलते, चुरा होतो. दाबातला फरक वाढतो तो या चुऱ्यामुळे. गंधक थंड भागात जास्त चिकटतं, म्हणून मार आधी वरच्या थराला बसतो.

इथपर्यंत पुस्तकात असतं. आता प्रश्न, गंधक आलं कुठून? लॉगशीटमध्ये तर झिंक ऑक्साइडनंतरची तपासणी दर आठवड्याला नोंदवलेली, प्रत्येक वेळी 'कागद पांढरा'. लेड अ‍ॅसिटेटचा कागद गॅसमध्ये धरायचा, हायड्रोजन सल्फाइड असेल तर काळा पडतो. आणि झिंक ऑक्साइडचा हिशेबही चोख होता. गॅसमध्ये सरासरी ३० पीपीएम (दहा लाख भागांत तीस) गंधक धरलं तर ताशी दीड ग्रॅम, महिन्याला किलोभरापेक्षा थोडं जास्त. शंभर किलो झिंक ऑक्साइड वजनाच्या वीस टक्के गंधक धरतं म्हटलं तर वीस किलो. म्हणजे कागदावर दीड वर्ष पुरायला हवं. झालं होतं सहा महिनेसुद्धा नाही.

मी लॉगशीटवरचा मिथेनचा आकडा तारखेवार काढला. तो सरळ चढत नव्हता, करवतीच्या दातांसारखा चढत-उतरत होता. आठ-नऊ दिवस वाढायचा, मग अचानक दीड दिवसात खाली यायचा, पण पूर्वीइतका नाही, पुन्हा वाढायचा. गेटवरचं आवक रजिस्टर मागवून शेजारी ठेवलं. प्रत्येक उतार एलपीजीचा टँकर खाली झाल्याच्या दुसऱ्या दिवशीचा होता. कागदाची तपासणी मात्र नेमकी टँकर आल्यावर, नव्या मालाची तपासणी म्हणून केली जायची.

आणखी एक गोष्ट त्याच तक्त्यात दिसली. मार्चच्या मध्यापर्यंत दात नव्हतेच. रेघ सपाट. मार्चमध्ये बदललं काय, याचं उत्तर ऑफिसात कोणाकडे नव्हतं.

ते मिळालं बुलेट यार्डात. तिथले आप्पा धरणगावकडचे, टँकर खाली करण्याचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. मी सहज विचारलं, "आप्पा, वेपोरायझर बंद कसा काय?" (वेपोरायझर म्हणजे द्रव एलपीजी उकळवून वायू करणारा हिटर.) तर म्हणाले, उन्हाळ्यात तो लागतच नाही. बुलेटचा दाब सात-सात किलो असतो, वरच्या वाल्व्हमधून गॅस आपोआप येतो, उगाच वीज कशाला जाळायची? दाब फारच पडला की शेवटचे एक-दोन दिवस लावतो. मी म्हटलं, त्या शेवटच्या दिवसांत काही वेगळं जाणवतं का? ते हसले. "सिलिंडर सराले उनं का वास येसच ना भाऊ!"

स्वयंपाकघरातला हा अनुभव कोणाला नाही! सिलिंडर संपत आला की गॅसचा वास उग्र होतो. तो वास इथिल मरकॅप्टनचा, गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला, आणि मरकॅप्टन म्हणजे गंधकाचंच संयुग. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या किंचित खाली, इथिल मरकॅप्टन ३५ अंशांना. बुलेटच्या वरून वायू काढत राहिलं तर हलका प्रोपेन आधी निघून जातो. मागे ब्युटेन, मरकॅप्टन आणि टँकरबरोबर आलेला तेलकट गाळ साठत जातो. थंडीत वेपोरायझर चालू असतो, म्हणजे बुलेटच्या तळातून द्रव घेऊन तो पूर्ण उकळवला जातो, त्यामुळे जे आत आलं त्याच प्रमाणात बाहेर जातं. जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की वायू फुकट मिळतो आणि ही वाटणी सुरू होते. वीज वाचवायची ही युक्ती कोणी चोरून केलेली नव्हती, उलट मागच्या वर्षी बचतीबद्दल तिचं कौतुक झालं होतं.

आकड्यांत पाहू. टँकरमधल्या द्रवात ४५ टक्के प्रोपेन धरला, तर ४० अंशांना बुलेटच्या वरच्या वायूत तो सत्तरच्या पुढे असतो. म्हणजे सुरुवातीला एका रेणूत सरासरी ३.३ कार्बन. शेवटाला वायूतला प्रोपेन वीस टक्क्यांवर आला की हाच आकडा ३.८. प्लांटमध्ये गॅस मोजायला टर्बाइन मीटर, म्हणजे घनफळ मोजणारा, आणि वाफ त्या घनफळाच्या प्रमाणात सोडली जाते. एका कार्बनमागे वाफेचे ३.३ रेणू असा सेट केलेला आकडा बोर्डावर तसाच दिसत राहतो. खरा आकडा २.९ च्या आत गेलेला असतो. कोणी वाल्व्हला हातसुद्धा न लावता वाफ कमी पडलेली असते. किलोवर मोजणारा मीटर असता तर हा घोळ झालाच नसता, कारण किलोमागे कार्बन प्रोपेनमध्ये ०.८२ आणि ब्युटेनमध्ये ०.८३, फरक नावालाच.

तरी मला वाटतं वाफेचा हा तुटवडा एकट्याने एवढं नुकसान करू शकला नसता. ३.३ वरून २.९ ही घसरण चांगला कॅटलिस्ट काही दिवस सोसतो. घाव घातला मरकॅप्टनने, आणि तो आत शिरला एका बंद वाल्व्हमुळे. कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या थराचं काम मरकॅप्टनला हायड्रोजनच्या मदतीने हायड्रोजन सल्फाइडमध्ये बदलायचं. मग झिंक ऑक्साइड ते पकडतं. त्यासाठी तयार हायड्रोजनातला थोडा मागे फिरवावा लागतो. बॅच लांबायला लागल्या, हायड्रोजन पुरेना, तेव्हा कोणीतरी हा परतीचा वाल्व्ह जवळजवळ बंद केला: तिकडे कशाला वाया घालवायचा? शिवाय गॅसचं तापमान ३७० हवं तिथे ३१० होतं. म्हणजे मरकॅप्टनचा बराचसा भाग मरकॅप्टन म्हणूनच झिंक ऑक्साइड ओलांडत होता. आणि लेड अ‍ॅसिटेटचा कागद मरकॅप्टनने काळा होत नाही. पांढरा कागद खोटं बोलत नव्हता. त्याला विचारलेला प्रश्नच दुसरा होता. एलपीजीच्या भारतीय मानकात, आयएस ४५७६ मध्ये, गंधकाला १५० पीपीएमपर्यंत मुभा आहे. रिफॉर्मरच्या निकेलला ०.१ पीपीएमच्या वर नको असतं. या दोन आकड्यांमधलं अंतर भरून काढणारी यंत्रणाच लंगडी झाली होती.

पुरवठादाराला पत्र पाठवणं चूक होतं का? पूर्ण नाही. मूळ डिझाइनमध्ये ट्यूबच्या वरच्या अर्ध्या भागात पोटॅश (पोटॅशियमचं क्षार) घातलेला कॅटलिस्ट होता आणि खाली साधा. आदल्या भरणीत खरेदी विभागाने सगळीकडे एकच साधा घेतला, नैसर्गिक वायूसाठीचा, कारण दर कमी आणि निकेल तेवढंच. कोटेशनवर निकेल ऑक्साइडचा टक्का ठळक छापलेला असतो, पोटॅशचा टक्का तळटीपेत. इथे खरेदीवाल्यांना दोष देऊन भागत नाही. त्यांना दिलेल्या इंडेंटवर (मागणीपत्रावर) नुसतं 'रिफॉर्मर कॅटलिस्ट' एवढंच लिहिलं होतं.

पोटॅश काय करतं? अ‍ॅल्युमिनाच्या आधारावर, म्हणजे निकेल ज्यावर बसवलेलं असतं त्यावर, काही आम्लधर्मी जागा असतात, तिथे मोठे रेणू फुटून काजळी धरते. पोटॅश त्या जागा शांत करतं. शिवाय वाफ पृष्ठभागावर धरून ठेवतं, त्यामुळे बसलेला कार्बन लगेच गॅस होऊन निघतो. ब्रिटनमध्ये आयसीआय या रसायन कंपनीने १९६० च्या दशकात नाफ्थ्यावर (एलपीजीपेक्षा जड पेट्रोलियमवर) रिफॉर्मर चालवून दाखवले ते या पोटॅशच्या जोरावर. पण त्याची किंमत मोजावी लागते. पोटॅशवाला कॅटलिस्ट थोडा मंद असतो, आणि गरम भागात पोटॅश हळूहळू उडून पुढच्या बॉयलरच्या नळ्यांवर जाऊन बसतं. म्हणून ते फक्त वर घालायचं, जिथे काजळीचा धोका आहे. खाली साधा, जिथे मिथेन संपवायला पूर्ण ताकद हवी. रुथेनियमसारख्या मौल्यवान धातूंवर काजळी फारशी धरत नाही, असा एक प्रस्ताव बैठकीत आला होता. मी विरोध केला. बुलेटमधून मरकॅप्टन येतच राहिलं तर रुथेनियमही मरेल, फक्त महागात.

आधी ट्यूबा न उघडता जेवढं वाचेल तेवढं वाचवायचं ठरलं. एलपीजी बंद करून फक्त वाफ चालू ठेवली, ट्यूबांचं तापमान साडेसातशेच्या आसपास. गरम वाफेने कार्बन गॅस होऊन निघतो आणि गंधकही सुटतं. बाहेर पडणारा गॅस शिफ्टच्या आधीच हवेत सोडला, नाहीतर सुटलेलं गंधक पुढच्या कॅटलिस्टवर जाऊन बसतं. बाहेरच्या गॅसमधला कार्बन डायऑक्साइड पहिल्या पाळीत चांगला दिसला, मग घटत शून्यावर आला. नुसत्या वाफेत निकेलचं ऑक्साइड होतं, म्हणून नंतर सिलिंडरचा हायड्रोजन वाफेबरोबर देऊन ते परत धातूत आणलं. मिथेन अडीच टक्क्यांपर्यंत उतरला. गरम पट्टे फिके झाले. पण दाबातला फरक ०.९ वरून ०.७५ एवढाच आला. काजळी जळते, चुरा परत गोळी होत नाही. ट्यूबा रिकाम्या कराव्याच लागणार होत्या.

थंड करताना एक गोष्ट सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतली: तापमान २०० अंशांच्या खाली जायच्या आधी कार्बन मोनॉक्साइड पूर्ण धुऊन काढायचा. नाहीतर निकेल आणि तो मिळून निकेल कार्बोनिल होतो, आणि तो अतिशय विषारी आहे. असं धातूरूपात आणलेलं निकेल हवेत स्वतःहून तापतं, म्हणून उघडण्याआधी ते वाफेने पुन्हा ऑक्साइड करून घेतलं. व्हॅक्यूमने माल काढताना मास्क सक्तीचे, कारण निकेल ऑक्साइडची धूळ कर्करोगकारक. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली पूर्ण मास्क घालून काम करणं म्हणजे काय ते खान्देशात वेगळं सांगायला नको. काम रात्री केलं.

काढलेला माल थर ठेवून वेगवेगळ्या पिंपांत भरला, म्हणजे कुठल्या उंचीवरचा कुठला ते कळेल. वरचा हातभर थर अखंड, राखाडी, दिसायला चांगला; पण प्रयोगशाळेत गंधक सगळ्यात जास्त त्याच्यात निघालं. त्याखालचा थर, जिथे पट्टे दिसत होते, तिथे कॅटलिस्टच्या अर्ध्याअधिक गोळ्या फुटलेल्या, बोटात धरल्या की काळी पूड. सातव्या ट्यूबमध्ये तर तिथे घट्ट बसलेली गुठळी होती, ती सळईने फोडावी लागली. खालचा अर्धा भाग जवळजवळ नव्यासारखा. वर गंधक, मध्ये काजळी, खाली काहीच नाही. बैठकीतले सगळे वाद या तीन पिंपांनी मिटवले.

नवी भरणी मूळ डिझाइनप्रमाणे झाली. लांब कापडी पिशवीतून, थराथराने, आणि प्रत्येक ट्यूबमध्ये ठरावीक हवा सोडून दाबातला फरक सगळ्या ट्यूबांत पाच टक्क्यांच्या आत जुळवला. हे काम कंटाळवाणं आहे आणि ठेकेदाराला घाई असते, पण एक ट्यूब ढिली भरली गेली तर गॅस तिकडेच पळतो आणि शेजारची उपाशी तापते. गॅस आता बारा महिने बुलेटच्या तळातून द्रवरूपात घेतला जातो, वेपोरायझर उन्हाळ्यातही चालू. हिटरची कॉइल साफ करून गॅसचं तापमान ३७० वर आणलं. परतीच्या हायड्रोजनच्या वाल्व्हला कुलूप लावलं आणि किल्ली शिफ्ट इन्चार्जकडे. गंधकाचा नमुना टँकर यायच्या आदल्या दिवशी घेतात, आणि तो बाहेरच्या प्रयोगशाळेत एकूण गंधकासाठी जातो.

किलोवर मोजणाऱ्या मीटरवर अजून वाद आहे. शेठजींचं म्हणणं, द्रव घेतल्यावर गॅसची घडण बदलणारच नाही, मग मीटर कशाला? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण वेगवेगळ्या रिफायनऱ्यांचा माल सारखा नसतो, आणि वाफेचं प्रमाण ज्या आकड्यावर चालतं तो आकडा खात्रीचा हवा. मी तो मुद्दा सोडलेला नाही.

मिथेन सध्या पावणेदोनच्या आत आहे. बॅच वेळेत उतरतात. बॉयलरच्या नळ्यांवर पोटॅश बसतं का, हे पुढच्या शटडाउनला उघडून पाहायचं आहे. सातव्या ट्यूबचा व्यास पट्ट्याच्या जागी दोन टक्क्यांहून जास्त फुगलेला निघाला, म्हणून ती भरलीच नाही; वरची आणि खालची पिगटेल (ट्यूबला जोडणारी बारीक नळी) चिमटून तिला बाजूला केलं. एका ट्यूबची कमतरता बाकीच्या सध्या भरून काढतात, पण त्या बदल्यात भट्टी पूर्ण क्षमतेवर चालवू नका असं लेखी दिलं आहे, आणि नव्या ट्यूबची ऑर्डर गेली आहे.